घर कोणाच्या नावावर?



संत लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात गर्दीतला एक माणूस येशूला मध्येच थांबवतो. त्याला आजार बरा करून नको, भाकर नको. वडिलांच्या मालमत्तेतला आपला वाटा भावाकडून मिळवून द्यावा, एवढीच त्याची मागणी आहे. येशू ती साफ नाकारतो. वाटण्या करून देणे हे आपले काम नव्हे असे सांगतो आणि मग जुनी कोठारे पाडून मोठी बांधायला निघालेल्या धनिकाचा दाखला देतो. २०२५ साली हे वाचन ३ ऑगस्टच्या रविवारी आले होते. त्या दिवशीचे पहिले वाचन उपदेशकाच्या ग्रंथातले होते. एकाने घाम गाळून मिळवावे आणि ज्याने काडीही उचलली नाही त्याच्या हाती ते जावे, ही त्या ज्ञानी माणसाची खंत. बरोबर अकरा दिवसांनी, १४ ऑगस्टला, वरळीच्या बीडीडी चाळीतील ५५६ कुटुंबांना नव्या इमारतीतील मालकीच्या घरांच्या चाव्या मिळाल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आपल्या धर्मग्रामाच्या चाळीतील काही मंडळी कार्यालयात आली. चर्चच्या मागची अठरा खोल्यांची चाळ आपणां सर्वांना माहीत आहे. बोलायला त्यांनी सर्वांत वयस्कर बाईंना पुढे केले होते. त्या म्हणाल्या, "फादर, सरकार भाडेकरूला मालक करते. मग आपलं चर्च का करत नाही? आम्ही काय परके आहोत?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. चहा मागवला आणि विचार करून सांगतो म्हटले. उत्तर नसले की विचार करून सांगतो म्हणायचे, ही आम्हां धर्मगुरूंची जुनी सवय. तेव्हापासून हा विषय पालकीय मंडळात दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा आवाज चढले. आता सर्व धर्मग्रामस्थांची सभा बोलावली आहे. सभेत कोणी कोणाच्या अंगावर जाण्याआधी आपण सर्वांनी थोडा अभ्यास करावा, म्हणून या रविवारचे पान या विषयाला दिले आहे.

आधी वरळीचे पाहू, कारण तुलना तिथूनच सुरू झाली. बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत घरांची टंचाई हाताबाहेर गेली, तेव्हा गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या सरकारने १९२० मध्ये हे खाते उघडले आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड (आताचा ना. म. जोशी मार्ग) व शिवडी येथे दोनशेहून अधिक चाळी बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत ऐंशी खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. बांधणी इतकी दणकट आणि रुक्ष की १९३० नंतरच्या सत्याग्रहात वरळीच्या काही चाळींचा सरकारने तुरुंग म्हणून उपयोग केला. पुढे त्याच खोल्यांत गिरणी कामगारांच्या तीन-चार पिढ्या वाढल्या. खोली सरकारची, भाडे नाममात्र, राहणारा भाडेकरू. पुनर्विकासात या भाडेकरूंना १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर मालकी हक्काने आणि विनामूल्य मिळते. खर्च निघतो तो त्याच जमिनीवर बाजारभावाने विकायच्या घरांतून.

ज्याने शंभर वर्षे सामाईक संडासापुढे रांग लावली त्याच्या नातवाला स्वतःचे न्हाणीघर मिळाले, यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. प्रश्न थोडा बाजूला आहे. या चाळींत काही खोल्या पोलिसांना सेवानिवासस्थान म्हणून दिलेल्या होत्या. हवालदार निवृत्त झाले, काही वारले, कुटुंबे तिथेच राहिली, आणि त्यांनीही मालकीचे घर मागितले. त्यांना ते विकत द्यायचे ठरले तेव्हा आधी ५० लाखांचा आकडा आला, मग २५ लाखांचा, आणि २०२२ साली तो १५ लाखांवर आला. ज्या माणसाने गणपतीत, दंगलीत, पुरात रस्त्यावर उभे राहून शहर सांभाळले, त्याच्या विधवेला शहराबाहेर घालवायचे का? कोणीही नाही म्हणेल. आम्हीही म्हणतो. पण ती खोली एका हवालदारासाठी नव्हती, हवालदारांसाठी होती. आज सांगली-बीडकडून भरती होऊन येणारा मुलगा रात्रपाळी संपवून कोणत्या स्टेशनावर उतरतो हे लोकलमध्ये बसणाऱ्यांना सांगायला नको. निवृत्त हवालदाराची विधवा आपल्यासमोर उभी असते, रडते, अर्ज देते. भरती व्हायचा मुलगा कोणाच्याच कार्यालयात येत नाही. त्याला अजून ठाऊकही नसते की त्याची एक खोली होती.

पालिकेच्या किंवा सरकारच्या भाडेकरूला घर विकत घेऊ द्यावे की नाही, या वादाचा सर्वांत मोठा अनुभव ब्रिटनकडे आहे. आपल्यातली काही मुले-मुली तिकडे इस्पितळांत नोकरीला आहेत, त्यांच्या तोंडून 'काउन्सिल हाऊस' हा शब्द आपण ऐकला असेल. काउन्सिल म्हणजे तिथली पालिका. १९१९ च्या कायद्याने पालिकांवर घरे बांधण्याची जबाबदारी टाकली, सरकारने पैसा दिला, आणि पुढच्या साठ वर्षांत इतकी घरे उभी राहिली की १९८० च्या सुमारास तिथल्या दर तीन कुटुंबांपैकी जवळजवळ एक कुटुंब अशा भाड्याच्या घरात राहत होते. ही झोपडपट्टी नव्हे. पुष्कळ घरांना पुढे-मागे बाग होती. मात्र दाराला कोणता रंग लावायचा हेसुद्धा बऱ्याच ठिकाणी पालिकाच ठरवत असे.

१९८० साली मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने कायदा केला. तीन वर्षे राहिलेल्या भाडेकरूला ते घर विकत घेण्याचा हक्क मिळाला आणि पालिकेला नाही म्हणण्याची सोय राहिली नाही. बाजारभावावर ३३ टक्के सवलत, पुढे दर वर्षामागे एक टक्का जास्त, वीस वर्षे राहिलेल्याला निम्म्या किमतीत घर. नंतर फ्लॅटसाठी ही सवलत ७० टक्क्यांपर्यंत गेली. ज्यांच्या बापाने, आजोबाने आयुष्यभर भाड्याच्या पावत्या जमवल्या त्यांच्या हाती पहिल्यांदा खरेदीखत आले. विरोधी मजूर पक्षाने आधी कडाडून विरोध केला, काही वर्षांनी तो सोडून दिला, कारण घरे घेणारे त्याचेच मतदार होते. एकट्या इंग्लंडमध्ये अशी सुमारे वीस लाख घरे विकली गेली.

यात त्या कामगाराचा आनंद खोटा होता असे आम्हांला मुळीच वाटत नाही. हा सगळा मतांचा डाव होता असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांची स्वतःची घरे असतात.

पण पैशाचे काय झाले ते पाहा. घर विकून आलेल्या पैशातून नवे घर बांधायला पालिका मोकळ्या नव्हत्या. सरकारने त्यावर बंधने घातली, आणि १९९० पासून तर त्यातली तीन-चतुर्थांश रक्कम जुने कर्ज फेडण्यासाठीच बाजूला ठेवावी लागे. बागेची, चांगल्या वस्तीतली घरे आधी गेली. उंच मनोऱ्यांतले फ्लॅट मागे राहिले आणि ज्यांना काहीच घेणे शक्य नव्हते ती कुटुंबे तिथे एकवटली. ज्यांनी फ्लॅट घेतले त्यांच्यातल्या काहींना पुढे इमारतीच्या दुरुस्तीची अशी बिले आली की घर घेतल्याचा पश्चात्ताप व्हावा. मूळ मालक म्हातारे झाले, वारले, मुलांनी घरे विकली. २०१७ साली इंग्लंडमधील शंभराहून अधिक पालिकांकडून जमवलेल्या माहितीत असे दिसले की या हक्काखाली विकलेल्या फ्लॅटपैकी सुमारे ४० टक्के फ्लॅट खासगी घरमालकांनी भाड्याने दिलेले आहेत. म्हणजे पालिकेने स्वस्तात विकलेल्या घरात आज एखादा गरीब जास्त भाडे भरून राहतो, आणि ते भाडे परवडत नाही म्हणून सरकार त्याला भत्ता देते. तोच जिना, तेच दार, फक्त भाडे घेणारा बदलला.

विकायचे झाल्यास आधी जुन्या मालकाला, म्हणजे पालिकेला विचारा, दहा वर्षांपर्यंत तरी, ही अट तिथे २००५ साली आली. तोवर पंचवीस वर्षे उलटली होती. २०१२ साली सवलत पुन्हा वाढवली तेव्हा विकलेल्या प्रत्येक जादा घरामागे एक नवे बांधू असे वचन सरकारने दिले. बांधकाम विक्रीच्या मागेच रेंगाळत राहिले. स्कॉटलंडने हा हक्क २०१६ मध्ये बंद केला, वेल्सने जानेवारी २०१९ मध्ये. इंग्लंडने तो ठेवला, पण नोव्हेंबर २०२४ मध्ये सवलत फार खाली आणली.

चूक विकण्यात झाली की न बांधण्यात? आमच्या मते न बांधण्यात. स्कॉटलंड आणि वेल्स यांनी विकणेच थांबवले, यावरून त्यांना आमचे मत पटलेले नाही असे दिसते. सभेत या मुद्द्यावर मतभेद झाले तर होऊ द्यावेत.

आता आपल्या श्रद्धेकडे वळू. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक काढले ते कामगारांच्या हलाखीवर. त्यांची भूमिका अशी की कामगाराला इतके वेतन मिळावे की काटकसर करून तो स्वतःची थोडी मालमत्ता करू शकेल. जास्तीत जास्त लोकांच्या नावावर काहीतरी असावे. म्हणजे भाडेकरूने मालक होण्याची इच्छा धरणे हा लोभ नव्हे, चर्चनेच त्याला ती इच्छा धरायला शिकवले आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला ॲरिस्टॉटलचे एक म्हणणे पाठ करावे लागले होते: जे सर्वांचे असते त्याची काळजी सर्वांत कमी घेतली जाते. चाळीतल्या सामाईक नळाखालची मोरी पाहिली की त्यासाठी ग्रीसपर्यंत जायची गरज नव्हती हे कळते. संत थॉमस अक्वायनस हाच धागा उचलतात, पण तिथेच थांबत नाहीत. मिळवणे, सांभाळणे, वाटणे यासाठी वस्तू माणसाच्या मालकीची असणे योग्य, असे ते म्हणतात. तिचा उपयोग करताना मात्र ती जणू सर्वांचीच आहे अशा तयारीने ठेवावी. गरजवंत दिसला की हात मोकळा हवा.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ साली मेक्सिकोतील पुएब्ला येथे यासाठी एक शब्द वापरला तो आपल्यापैकी गृहकर्ज फेडणाऱ्यांना लगेच समजेल: गहाण. खासगी मालमत्तेवर समाजाचे गहाण असते. घर तुमच्या नावावर आहे, राहता तुम्ही, रंग तुमच्या आवडीचा; पण कागदावर कुठेतरी बँकेचेही नाव आहे आणि तिला न विचारता तुम्ही ते विकू शकत नाही. इथे बँकेच्या जागी ज्याला घर नाही तो आहे. पुढे १९८७ हे बेघरांसाठी निवाऱ्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष होते, तेव्हा व्हॅटिकनच्या न्याय आणि शांती आयोगाने घरांच्या प्रश्नावर स्वतंत्र निवेदन तयार केले. तुझ्या बेघर भावाचे तू काय केलेस, असा प्रश्नच त्याचे शीर्षक होता. काइनाला विचारलेला प्रश्न घरमालकाला विचारला, असे म्हणा ना.

पवित्र शास्त्रात या विषयावर सर्वांत तपशीलवार बोलतो तो लेवीय ग्रंथाचा पंचविसावा अध्याय. हा अध्याय आपण सहसा योबेल वर्षापुरता वाचतो आणि पुढे जातो. घरांविषयीची एकोणतीस ते चौतीस ही वचने मुद्दाम वाचा. तिथे तीन प्रकारची घरे आहेत. तटबंदीच्या शहरातले घर विकले तर वर्षभर ते सोडवून घेता येते. वर्ष उलटले की ते घेणाऱ्याचे कायमचे. खेड्यातले, तटबंदी नसलेले घर शेतजमिनीसारखे मानावे, ते केव्हाही सोडवता येते आणि योबेल वर्षी मूळ कुटुंबाकडे परत जाते. तिसरा प्रकार लेव्यांच्या घरांचा. लेव्यांना इतरांसारखा जमिनीचा वाटा नव्हता, ती घरे हेच त्यांचे वतन. म्हणून शहरात असूनही त्यांची घरे कधीच कायमची दुसऱ्याकडे जात नाहीत. तीन हजार वर्षांपूर्वीचा हा कायदा सर्व घरांना एकच माप लावत नाही. ज्याच्याकडे दुसरे काहीच नाही त्याचे घर बाजारात पूर्णपणे सुटू नये, एवढी काळजी तो घेतो.

मुंबईतच या वादाची आणखी एक बाजू न्यायालयात तीन दशके चालली, तिचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. उपकरप्राप्त जुन्या इमारतींसाठी १९८६ साली म्हाडा कायद्यात नवे प्रकरण आले. इमारतीतील ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली तर मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम मालकाला देऊन सरकारने ती इमारत संपादित करावी आणि रहिवाशांच्या संस्थेला द्यावी. ९० रुपये भाड्याची खोली ९,००० रुपयांत. घरमालकांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आणि प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे आला: खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती म्हणायची का? ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताचा निकाल आला की प्रत्येक खासगी मालमत्ता तशी म्हणता येणार नाही, काही मात्र त्यात येऊ शकतील. संत थॉमस यांना हे वाचून हसू आले असते. सातशे वर्षांपूर्वी त्यांनी याच पेचावर लेखणी झिजवली होती.

इतके सांगून झाल्यावर आता चर्चच्या मागे यावे लागते.

आपली चाळ १९३० नंतरच्या काळात बांधली गेली. कोकणातून गिरणीत आणि गोदीत कामाला आलेल्या कुटुंबांना उतरायला जागा नव्हती, म्हणून त्या वेळच्या फादरांनी लोकांकडून पै-पैसा जमवून खोल्या उभ्या केल्या. जुन्या वहीत देणग्यांची यादी आहे. कोणी चार आणे, कोणी आठ आणे, एकाने विटा दिल्या. भाडे घ्यायचे ते डागडुजीपुरते, आणि माणूस सावरला की त्याने खोली मागून येणाऱ्यासाठी सोडायची, अशी समजूत होती. कागदावर मात्र तसे काही लिहिलेले नाही. सुरुवातीला दोन-चार कुटुंबांनी खोल्या सोडल्याही. मग भाडे नियंत्रण कायदा आला, शहर महाग झाले, गिरण्या बंद पडल्या, आणि सावरणेच थांबले. आज सर्वांत जास्त भाडे महिना ९२ रुपये आहे. अठरापैकी सोळा खोल्यांत पहिल्या भाडेकरूंची मुले-नातवंडे राहतात. दोघांनीच नंतर प्रवेश केला.

पालकीय मंडळातील एका गटाचे म्हणणे असे की ही चाळ गरिबांसाठी बांधली, ती तशीच राहिली पाहिजे. मालकी दिली की दहा वर्षांत निम्म्या खोल्या परक्यांना विकलेल्या दिसतील आणि चर्चच्या अंगणात कोण राहतो हे आपल्याला कळणार नाही. त्यांनी इंग्लंडचेच उदाहरण दिले. (त्यातले 'परके' हे काळजीचे कारण आम्हांला ख्रिस्ती वाटत नाही. बाकीचे वाटते.) ते ऐकून त्या दिवशी कार्यालयात आलेल्या बाई, ज्या सभेला पाहुण्या म्हणून बसल्या होत्या, उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "भाडं कमी म्हणून पत्रे बदलत नाही. आम्ही गरीब म्हणून भाडं वाढवत नाही. आणि पुढचा गरीब यायचाय म्हणून घर नावावर करत नाही. फादर, तो पुढचा गरीब आजपर्यंत कधी आला?"

तो आला होता. आणि त्याचे काय झाले हे सांगणे आमच्यावर आहे, कारण तेव्हाही या खुर्चीत आम्हीच होतो.

सहा वर्षांपूर्वी अकरा नंबरच्या खोलीतले वृद्ध भाडेकरू वारले. त्यांच्यामागे कोणी नव्हते, खोली रीतसर धर्मग्रामाकडे आली. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीने एका विधवा बाईचे नाव सुचवले. दोन मुले, इस्पितळात आयाचे काम, आणि राहायला पोटमाळ्यावरची जागा जिचे भाडे तिच्या निम्म्या पगाराइतके. त्याच सुमारास चर्चच्या छपराचे काम निघाले होते आणि पैसे कमी पडत होते. एका सुस्थितीतील कुटुंबाने छपराच्या निधीला मोठी देणगी देऊ केली, आणि खोलीबद्दलही विचारले. आम्ही दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्याचा देखावा केला. देणगीची पावती वेगळी, खोलीचा करार वेगळा. बाजारात याला पागडी म्हणतात. आम्ही दुरुस्ती निधी म्हटले. छप्पर झाले, आज आपण त्याखालीच बसलो आहोत. त्या कुटुंबाचे दुसरीकडे घर होते, काही महिने त्यांनी खोली सामान ठेवायला वापरली, मग कुलूप लावले. गेल्या महिन्यात आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी काही न बोलता चावी दिली, त्यांचे मोठेपण. विधवा बाई आता शहरात राहत नाहीत. फोन लावला, नंबर बंद आहे.

म्हणून चाळीतल्या लोकांनी मालकी मागितली की "पुढच्या गरिबाचे काय" असे विचारण्याचा नैतिक अधिकार आम्हांला कितपत उरला, हा प्रश्न आहे. प्रश्न खोटा ठरत नाही. विचारणाऱ्याचे हात स्वच्छ नाहीत, इतकेच. घर विकल्याने मागून येणाऱ्याची जागा जाते हे खरे. ती न विकताही जाते, हे आम्ही करून दाखवले आहे.

सभेपुढे आम्ही जो विचार ठेवणार आहोत तो असा. जमीन धर्मग्रामाकडे राहावी. खोल्या भाडेकरूंच्या सहकारी संस्थेकडे दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने द्याव्यात, कुटुंबाच्या ऐपतीप्रमाणे किंमत ठरवून, आणि ज्यांना अजिबात शक्य नाही त्यांनी भाडेकरूच राहावे, त्यांच्यावर कोणी दडपण आणू नये. नावे पती आणि पत्नी दोघांची लागावीत. मुलगे भांडायला लागले की म्हातारीचे बोचके जिन्यात येते हे आम्ही अंत्यविधीनंतरच्या आठवड्यात किती वेळा पाहिले आहे. कोणाला पुढे सोडायचे झाल्यास आधी धर्मग्रामाला विचारायचे, आणि दिलेल्या किमतीत महागाईची भर घालून तेवढेच घ्यायचे, बाजारभाव नाही. आलेला सगळा पैसा वेगळ्या खात्यात, आणि त्यातून नव्या खोल्यांशिवाय एक रुपयाही दुसरीकडे जाणार नाही. छपरासाठी नाही, सणासाठी नाही, नव्या माइकसाठीही नाही. चाळीच्या मागची जागा बांधकामाला पुरेल असे आपल्यातल्या एका इंजिनियरांनी प्राथमिक पाहणीत सांगितले आहे.

हे सर्व आमच्या एकट्याच्या सहीने होणारे नाही. कॅनन कायद्याच्या १२९१ आणि पुढच्या कलमांप्रमाणे धर्मग्रामाची मालमत्ता देताना वरिष्ठांची परवानगी लागते, आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ३६ व्या कलमाप्रमाणे धर्मादाय आयुक्तांची मंजुरीही. वकिलांच्या मते याला दोन वर्षे सहज लागतील. तोपर्यंत पत्रे गळतच राहणार का, असे कोणी विचारण्याआधी सांगतो: पत्र्यांचे काम पावसाळ्यापूर्वी होईल, पैसे या वेळी आधी चाळीवर आणि मग चर्चवर खर्च होतील.

सभा पुढच्या रविवारी नऊच्या मिस्सेनंतर हॉलमध्ये आहे. चाळीतील कुटुंबांनी भाड्याच्या जुन्या पावत्या, रेशन कार्ड आणि असल्यास आजोबांच्या नावाचे पत्र आणावे. ज्यांना हा सगळा विचार चुकीचा वाटतो त्यांनी तर नक्की यावे. अकरा नंबरची चावी कार्यालयात टेबलावर ठेवली आहे. खोली अजून कोणाला दिलेली नाही. सोसायटीकडे सध्या चार नावे आहेत. कोणाला द्यायची हे त्या दिवशी, सर्वांसमोर ठरेल. त्या विधवा बाईंचा पत्ता कोणाला माहीत असेल तर कृपया सभेआधी कळवावे.